किहीमची सुगरण आणि डॉ. सलीम अली



आपला मुलगा तासन् तास झाडाकडे टक लावून बसला, तर आपण त्याला काय म्हणतो? उनाडक्या सोड आणि पुस्तक हातात घे, असेच ना? मग पुढील हकीकत जरूर वाचा. ही एका अशा माणसाची जीवनकथा आहे, की ज्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, हातची नोकरीही गेली होती, आणि तरीही ज्याच्यापुढे मोठमोठ्या विद्यापीठांनी मान तुकवली.

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होते तेव्हा वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलाला खेतवाडीतील आपल्या घरी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी वेगळीच चिमणी खाणे जायज आहे की नाही, अशी शंका त्यांच्या मनात आली. ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठविले. साहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेली कपाटे या मुलाला उघडून दाखविली. एका साध्या प्रश्नाने आयुष्याची दिशा ठरली ती अशी.

शाळेत मात्र त्यांची चमक दिसली नाही. डोकेदुखीने शिक्षणात खंड पडला. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. नंतर ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात मन रमेना. १९१७ साली परतल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पण पदवी काही पदरात पडली नाही. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये व्याख्याते म्हणून त्यांना नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा काढून ते जर्मनीस गेले आणि बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

विचार करा, वय तेहेतीस, घरी पत्नी आणि मिळकत शून्य. अशा वेळी आपल्यापैकी कितीजण डगमगले नसते? सलीम अली व त्यांच्या पत्नी तहमिना यांनी मुंबईचा खर्च टाळून किहीमला समुद्रकाठच्या एका लहान घरात बिऱ्हाड केले.

किहीम हे अलिबागच्या उत्तरेस असलेले गाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. आपल्यापैकी कोकणातील मंडळींना असा किनारा ठाऊकच आहे. वाळूच्या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरलेली असते आणि तिला जांभळी फुले येतात. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. थंडीत दूरदेशीचे कुरव आणि तुतवार ओहोटीच्या पाण्याकाठी उतरतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. मागे नारळीच्या बागा, भातखाचरे आणि डबकी. मृगाचा पाऊस पडला की सारे हिरवेगार होते, आणि तेव्हाच सुगरण पक्ष्यांची लगबग सुरू होते. एरवी चिमणीसारखा मळकट दिसणारा नर पावसाळ्यात पिवळाधमक होतो. गवताची लांब, ओली पाती आणि पिलांसाठी किडे याच दिवसांत मिळतात.

हाताला काम नव्हते, पण डोळे तर होते! सलीम अलींनी आडोसा करून घरट्यांजवळ बैठक मारली आणि दिवसामागून दिवस नोंदी केल्या. आपल्या भाषेत या पक्ष्याचे नावच मुळी स्त्रीलिंगी. बहिणाबाईंनीही सुगरणीच्या खोप्याचे कौतुक केले आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. तो अर्धे घरटे बांधून थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीने पसंत केले तरच तो उरलेले घरटे आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. ती अंडी घालून बसली की हा महाशय शेजारी दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! अशी एकामागून एक बिऱ्हाडे मांडण्याची ही रीत सलीम अलींनी उलगडून दाखविली आणि सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुगरणीचे खोपे शेकडो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर लोंबत होते. नीट पाहिले ते एका बेकार माणसाने.

तेथून त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पगार नको, फक्त खर्च द्या, असे सांगून त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. तहमिनाबाई रानोमाळ सोबत असत. १९३९ साली त्या वारल्या. हा घाव सोसून त्यांनी १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील आपले प्रसिद्ध पुस्तक पुरे केले. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पॉइंट कॅलिमर येथे वाळूच्या टेकड्या व दलदली आहेत आणि हिवाळ्यात तेथे हजारो पाणपक्षी येतात. त्या जागेचे मोल त्यांनी ओळखले. १९६७ साली तेथे अभयारण्य झाले. ज्यांना पदवी नव्हती त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ मध्ये आणि दिल्ली विद्यापीठाने १९७३ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी, नव्वद वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून ते अल्लाला प्यारे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून पदवीची गरज नाही असे मात्र समजू नका. पदवी नसल्याचा फटका त्यांना बसलाच, आणि म्हणूनच ते बर्लिनपर्यंत शिकायला गेले. बोध आहे तो हा, की परीक्षेबाहेरही तालीम असते. आपल्या गावच्या किनाऱ्यावर मर्यादवेल कधी फुलते, कुरव कोणत्या महिन्यात येतात, सुगरण कोणत्या झाडावर खोपा बांधते, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. खर्च एका वहीचा आणि पेन्सिलीचा. आणि पालकहो, मूल एखादा विचित्र प्रश्न घेऊन आले, तर त्या मामांची आठवण ठेवा. उत्तर आपल्याला येत नसेल, तर ज्याला येते त्याच्या दारापर्यंत त्याला पाठवा.