इमाम गझालींचे सहा महिने

‘एह्या उलूमुद्दीन’ या थोर ग्रंथाचे कर्ते म्हणून इमाम गझालींचे नाव आपण आदराने घेतो. परंतु हा ग्रंथ हातून होण्यापूर्वी हाच विद्वान पुरुष जवळजवळ सहा महिने एका निर्णयापाशी अडून राहिला होता.

इराणकडील खुरासान प्रांतात तूस येथे १०५८ साली त्यांचा जन्म झाला. चरित्रकार सांगतात की वडील लोकर कातून पोट भरीत. मरतेवेळी त्यांनी मुहम्मद आणि अहमद या आपल्या मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले व जवळची पुंजी त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती संपली तेव्हा त्या गरीब मित्राने मुलांना मदरशात घातले. तेथे विद्येबरोबर जेवणही मिळे. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पुढे निशापूर येथे इमाम जुवैनींसारखा गुरू लाभला. १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीस! तीनशे विद्यार्थी समोर बसत, दरबारात मान होता, घरात सुबत्ता होती.

आणि नेमके येथेच त्यांच्या मनात काटा रुतला. आपण शिकवितो ते कशासाठी? प्रामाणिकपणे पाहता त्यांना दिसले की अल्लाहच्या प्रीतीपेक्षा नावलौकिकाची ओढ अधिक आहे. हे सोडून निघावे, असे सकाळी ठरे. संध्याकाळी मन म्हणे की एवढे पद पुन्हा मिळणार नाही. एक पाऊल पुढे पडे, दुसरे मागे येई. ही अवस्था त्यांनी पुढे स्वतःच ‘अल-मुन्किज’ या पुस्तकात कसलीही लपवाछपवी न करता लिहून ठेवली. मोठ्या माणसाने आपले कच्चेपण असे उघड करावे, हे मला त्यांच्या विद्वत्तेहूनही थोर वाटते.

१०९५ च्या उन्हाळ्यात ही ओढाताण सुरू झाली. शेवटी जीभ जड झाली. वर्गात शब्द फुटेना, घास उतरेना. हकिमांनी दुखणे मनाचे आहे असे सांगून हात टेकले. तेव्हा त्यांनी अल्लाहची करुणा भाकली आणि मन हलके झाले. मक्केला जातो असे लोकांना सांगून ते त्याच वर्षी दमास्कसला निघाले, कारण खरा बेत कळता तर खलीफाने व मित्रांनी अडविले असते. मात्र पालकांनी एक गोष्ट नीट पाहावी: त्यांनी संसार उघड्यावर टाकला नाही. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून मगच बाकीची संपत्ती वाटली. मदरशातील शिकवणी धाकट्या भावाने, अहमदने, सांभाळली. लोकांनी तर्ककुतर्क केलेच. असले पद धर्मासाठी कोणी सोडील, हे बगदादच्या विद्वानांनाही पटेना.

दमास्कसच्या मशिदीचा मिनार, जेरुसलेम, हज असा प्रवास घडला. नंतर ते गावी परतले. चाळीस भागांचा ‘एह्या’ याच एकांताच्या वर्षांत तयार झाला.

अकरा वर्षांनी पुन्हा कसोटी आली. वजीर फख्रुल्मुल्क यांनी त्यांना निशापूरच्या निजामियात शिकविण्यास बोलाविले. पुन्हा मन कचरले. एकांत आता सुखाचा झाला होता आणि लोकांच्या त्रासाची धास्तीही होती. पण या खेपेस ते एकटेच कुढत बसले नाहीत. जाणत्या, पाक मनाच्या माणसांचा सल्ला घेतला, आळस आणि आराम यांना आपण वैराग्य तर समजत नाही ना हे तपासले, आणि ११०६ मध्ये ते वर्गात उभे राहिले. काम तेच, मदरसाही त्याच नावाचा. हेतू मात्र पालटला होता.

अखेरीस ते तूसला परतले. घराशेजारी त्यांचा लहानसा मदरसा होता. डिसेंबर ११११ मध्ये इंतकाल होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले.