मलिक अंबर

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळकडे जाताना खुलताबाद लागते. तेथे मलिक अंबर नावाच्या एका हबशी पुरुषाची कबर आहे. हे संभाजीनगर प्रथम त्यानेच सुमारे १६१० साली खडकी या नावाने राजधानी म्हणून वसविले.

त्याचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि हातोहात विकला जात बगदादमार्गे दक्षिणेत आला. चापू हे मूळचे नावही त्याचे राहिले नाही. एका धन्याने त्याला अंबर हे नाव दिले. अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले, व तो धनी वारल्यावर त्याच्या विधवेने त्याला मुक्त केले. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा अंबराने त्या घराण्यातील एका मुर्तजास गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली, आणि पुढे पाव शतक तो मोगलांशी झुंजला. १६२४ साली भातवडीस त्याने मोठा विजय मिळविला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या पक्षास होते.

बादशहा जहांगीर याने आपल्या आठवणींत अंबराला वारंवार हिणविले, त्याच्या रंगावरूनही. त्याने असे एक चित्रही काढविले की, अंबराचे शिर भाल्यावर टांगले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात ते शिर त्याच्या हाती कधीच लागले नाही. आणि गंमत अशी की, अंबर १६२६ साली वारल्यावर मोतमदखान या मोगल दरबाराच्याच बखरकाराने त्याच्या शौर्याची व कारभाराची थोरवी मोकळेपणाने लिहून ठेवली. शत्रूला हे कशाने लिहावे लागले? कृतींनी. अंबराने महसुलाचा मक्ता मोडला, जमिनीची प्रत व पीक पाहून धारा ठरविला, आणि ती मलिकंबरी पद्धत मराठी गावांनी पुष्कळ काळ लक्षात ठेवली. शहरासाठी त्याने उत्तरेच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळाने पाणी घराघरांतल्या हौदांत येई. मध्ये मध्ये बांधीव मनोरे ठेवले, म्हणजे हवा खेळावी व गाळ काढता यावा. ही नहर म्हणजे ज्याने आयुष्याच्या आरंभी स्वतःसाठी काहीच मिळविले नव्हते, त्याने परक्या देशाच्या तहानेची केलेली काळजी.

परंतु प्रियवाचकहो, लेखणी येथे थांबविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मुर्तजास त्याने गादीवर बसविले, तो १६१० साली मेला. आणि राजाच्या वडील राणीने अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले, म्हणून त्याने राजास विष देवविले, असे त्या काळच्या एका डच व्यापाऱ्याने नमूद केले आहे. ते खरे असेल, तर नहरीच्या पाण्याने तो डाग धुतला जातो काय? फळावरून झाड ओळखावे हे आपण शिकलो. पण एका झाडाला गोड व विषारी दोन्ही फळे लागलेली दिसतात, तेव्हा आपण बहुधा आपल्याला आवडते तेच फळ मोजतो. जहांगिराने रंग मोजला, आपण नहर मोजतो. गुलामगिरीची जखम एका टोमण्याने पुन्हा उघडली, तेव्हा त्या अंतःकरणात काय पेटले, हे अंतःकरणे तपासणाऱ्यालाच ठाऊक.

खडकीस औरंगाबाद हे नाव औरंगजेबाने १६५३ साली दिले. तोही आज खुलताबादेसच आहे, अंबराच्या कबरीपासून फार दूर नाही.