चक शुल्डिनर आणि मागे पडलेला अल्बम

डेथ मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे! चक शुल्डिनरचा जन्म १९६७ चा, बालपण अमेरिकेतल्या फ्लोरिडात. थोरला भाऊ अपघातात गेला, तेव्हा ९ वर्षांच्या चकला सावरायला आईवडिलांनी गिटार आणून दिली. १९८३ मध्ये त्याने बँड काढला, तोच पुढे 'डेथ' झाला. १९८७ च्या पहिल्या अल्बममध्ये सगळा रक्तपात आणि मुडदे. १९९० च्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्ये मात्र थ्रॅशच्या वेगावर त्याने बुवाबाजी, नशा असे खरे विषय मांडले. पुढच्याच वर्षी 'ह्यूमन' आला, त्याच्या गाजावाजात हा अल्बम झाकोळला. २००१ मध्ये मेंदूतल्या गाठीने चक गेला, अवघ्या ३४ व्या वर्षी. लोणावळ्याच्या पावसात रूमवर अडकलात की जरूर ऐका. भोंदूबाबा आपल्याकडेही आहेतच की!