नावातला 'टी' : राजा सर टी. माधवराव

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोरच्या भागाला लोक नुसते 'स्टॅच्यू' म्हणतात. तिथला पुतळा राजा सर टी. माधवरावांचा, म्हणजे आपल्याच माणसाचा. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते. नावातला 'टी' म्हणजे तंजावूर, ज्या राजवाड्याच्या सावलीत आपण गणपती बसवतो तेच गाव.

जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. घराणे देशस्थ मराठी. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण. माधवराव मद्रासला पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले, पुढे त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या आत स्वतःच दिवाण! खजिन्यात खडखडाट होता. त्यांनी राज्याचे कर्ज फेडले, मिरी-तंबाखूची सरकारी मक्तेदारी उठवली. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. नंतर थोडा काळ इंदूर, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर बडोदे.

हे सारे रयतेच्या भल्याचे, पण रयतेला कोणी विचारले नव्हते. उद्या दिवाण वाईट निघाला तर? हा प्रश्न त्यांना पडला असावा. कारण १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांपुढे दिलेल्या व्याख्यानांत त्यांचा भर राजाने लहरीने न वागता कायद्याने बांधून घ्यावे यावरच होता.

निवृत्तीनंतर ते मद्रासला राहिले. १८८७ ची काँग्रेस तिथे भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. सहाशेवर प्रतिनिधी आले होते. मागणी अशी, की कायदे कौन्सिलात सरकारने नेमलेल्यांबरोबर लोकांनी निवडलेले सभासदही असावेत. जन्मभर वरून कारभार केलेला माणूस या मंडळींच्या पंगतीला बसला, याचे मला फार मोल वाटते. पुढे दोनेक वर्षांत सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ते बाजूला झाले. काहींना तो कमकुवतपणा वाटतो. मला वाटत नाही. लोकांना कारभार जमेल का, ही शंका आपली मंडळाची कार्यकारिणी निवडतानाही डोके वर काढते. त्यांनी तर अख्खी राज्ये चालवली होती.

४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासला ते वारले. पुढच्याच वर्षी नवा कौन्सिल कायदा आला. त्यात निवडणूक हा शब्द शिताफीने टाळला होता. नगरपालिका, विद्यापीठे अशा संस्थांनी नावे सुचवायची आणि नेमणूक सरकारने करायची, एवढीच फट उघडली.