६१७४ : पाठ करू नका, करून बघा!

विद्यार्थी मित्रांनो, समजा पेपरात प्रश्न आला : ६१७४ या संख्येला काय म्हणतात? उत्तर : कापरेकर स्थिरांक. झाला एक गुण! पण तेवढ्यावरून कापरेकर समजले का? चला, आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. लहानपणापासूनच त्यांना आकड्यांची कोडी सोडवायचा नाद. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. हे बक्षीस पाठांतराचं नव्हतं बरं का, स्वतःच्या डोक्याने केलेल्या कामाचं होतं. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळेत शिक्षक होते.

मुंबईजवळच्या डेमलो रेल्वे स्थानकावर त्यांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला. म्हणून त्या डेमलो संख्या! १२१, १२३२१, १२३४३२१ या त्यांतल्याच. त्या कशाचे वर्ग आहेत, शोधा बरं. आपल्या जऊळका स्टेशनवर गाडीची वाट पाहताना तुम्हालाही असं काही सुचू शकतं.

१९४९ मध्ये त्यांना ६१७४ ची गंमत सापडली. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार! दुसरी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचाल.

मोठी पदवी नसलेल्या या शिक्षकाचं काम अनेक गणितज्ञांना किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर पोचलं. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, पाठांतर वाईट नाही. पाढे पाठ हवेतच. पण परीक्षा बहुतेक वेळा दुसऱ्याने शोधलेलं उत्तर विचारते. कापरेकरांनी आयुष्यभर स्वतःलाच नवे प्रश्न विचारले.

आता वही काढा आणि ११११ घेऊन बघा. ६१७४ येतं का? नाही येत, तर का नाही? हे ‘का’ ज्याला आपल्या शब्दांत सांगता आलं, त्याला धडा समजला.