तलवारीचे पहिले पान : कान्होजी नाईक जेधे

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. परंतु काही सीमा अशा असतात की त्या ओलांडण्यास घोडा लागत नाही. मन मोठे लागते. भोर तालुक्यातील कारी गावचे कान्होजी नाईक जेधे यांच्या चरित्रात या सीमोल्लंघनाचे दर्शन घडते.

भाऊबंदकीच्या कलहात पित्याचा घात झाला, तेव्हा कान्होजी तान्हे बालक होते. विश्वासू देवजी महाल्याने त्यांना वाचविले, मोसे खोऱ्यातील बाजी पासलकरांनी आश्रय दिला आणि पुढे आपली कन्याही दिली. रोहिडखोऱ्याची देशमुखी सांभाळून कान्होजींनी शहाजीराजांची चाकरी केली. १६४८ मध्ये जिंजीजवळ राजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही बंदिवान झाले. १६४९ च्या सुटकेनंतर शहाजीराजांनी या कसलेल्या सरदारास आपल्या तरुण पुत्राच्या, शिवाजीराजांच्या पाठीशी धाडिले.

१६५९ साली अफझलखान चालून आला. त्यास सामील व्हावे, असे आदिलशाही फर्मान मावळातील देशमुखांना निघाले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाच पुत्रांसह राजगडावर गेले (हा गड ज्या वेल्हे तालुक्यात आहे, त्याला आता गडाचेच नाव मिळाले आहे) आणि पिढीजात वतनावर पाणी सोडून राजांच्या पायाशी उभे राहिले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खानाची फौज बुडाली, त्या रणात जेधे आघाडीवर होते.

याहून कठीण प्रसंग पुढील वर्षी आला. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना हिरडस मावळातील बांदलांच्या जमावाने बाजीप्रभूंसह घोडखिंड रक्ताने राखली. दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांचा होता. तो आता बांदलांस द्यावा, अशी राजांची इच्छा झाली. जेधे आणि बांदल यांचे वैर जुने. मानापानासाठी पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटत, असा तो काळ. तरीही कान्होजींनी तो मान सोडला, असे मावळची परंपरा सांगते.

वतन संकटात सोडले, त्यामागे स्वामिनिष्ठा होती. मान विजयात सोडला, त्यास निष्ठेबरोबर विवेकही लागला. आयुष्यभराच्या श्रमाने मिळविलेली जागा हातपाय थकण्यापूर्वी, कोणी ओढून घेण्यापूर्वी, स्वतः होऊन रिकामी करणे हीच खरी निवृत्ती. त्यात पराभव नसतो. कान्होजी मागे सरले म्हणून जेध्यांची तलवार म्यान झाली नाही. पुत्र बाजी ‘सर्जेराव’ या किताबाने स्वराज्यात गाजला.

आंबवड्यास नागेश्वराच्या सान्निध्यात कान्होजींची समाधी आहे. आज आपट्याचे पान दुसऱ्याच्या हाती देताना, आपणही कोणते पान सोडावयाचे राहिले आहे, याचा विचार प्रत्येकाने अवश्य करावा.