भोकं पाडणारा ‘प्रोग्राम’: रिचर्ड रॉबर्ट्सची गोष्ट

पाईपला सारख्या अंतरावर पन्नास भोकं पाडून बघा. मी पाडलीत. दर वेळी माप, खूण, ड्रिल. विसाव्या भोकाला हात चुकतोच. शेवटी जिग बनवला आणि सुटलो. तेव्हापासून रिचर्ड रॉबर्ट्स मला आपला वाटतो.

१७८९ मध्ये वेल्सच्या सीमेवर, जोडे शिवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. लंडनला मॉडस्लेच्या वर्कशॉपमध्ये काम करून पुढे मँचेस्टरला स्थिरावला. १८४७ मध्ये वेल्समधल्या कॉनवीला लोखंडी पत्र्यांच्या अवाढव्य नळीतून रेल्वे नेणारा पूल बांधला जात होता. पत्रे जोडायचे रिव्हेटने, म्हणजे प्रत्येक रिव्हेटला भोक! त्यात कामगार संपावर गेले. ठेकेदार रॉबर्ट्सकडे धावले.

त्याने जॅकार्ड मागाची युक्ती उचलली. मागात कोणता धागा उचलायचा हे भोकांचं कार्ड ठरवतं. त्याच तत्त्वावर इथे कोणते पंच खाली येणार ते ठरू लागलं. एका दाबात अनेक भोकं, तीही हव्या त्या नक्षीत. आजचं सीएनसी मशीन वेगळं काय करतं?

संपकऱ्यांची गरज मात्र कमी झाली. आणि रॉबर्ट्स? १८६४ मध्ये लंडनला गरिबीतच वारला. नवं मशीन बघितलं की मी आधी विचारतो, यातून वाचलेला पैसा जातो कुणाकडे?